कवठखेडीचा ठिपका

मंदाबाई बिऱ्हाडे यांच्या पेनाला कुणी हात लावला, तर त्या माणसाशी त्या दोन दिवस बोलत नसत. एकदा साहेबांनी घाईघाईत सही करायला त्यांच्या टेबलावरचं शाईचं पेन उचललं, तर साहेबांनाही तीच शिक्षा झाली. साहेब नवीन होते. बाईंच्या घरी काही अडचण असावी असं समजून त्यांनी बोलावून चौकशी केली. मंदाबाई म्हणाल्या, घरी सगळं ठीक आहे, पेनाचं नाक वाकलंय.

जळगावात पाण्याचं सर्वेक्षण करणारं एक सरकारी कार्यालय होतं. तिथं मंदाबाई ट्रेसर होत्या. काम सांगायला अगदी सोपं. पेन्सिलीनं मांडलेला नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर ट्रेसिंगचं पातळ कापड ताणून बसवायचं आणि खालून दिसणारी एकेक रेघ काळ्या शाईनं वर उतरवून घ्यायची. करायला बसलं म्हणजे कळतं. मे महिन्यात जळगावात माणूस सावलीत बसूनही निथळतो, आणि त्या कापडावर घामाचा एक थेंब पडला की आठवड्याचं काम बाद. पंखा लावावा तर कागद उडतात. तेव्हा पंखा बंद, मनगटाखाली घडी घातलेला रुमाल, कपाळाला बांधलेली पट्टी, अशा थाटात मंदाबाई चोवीस वर्षं बसल्या. रेघ ओढताना त्या श्वास रोखून धरत. तेवढ्या वेळात कुणी हाक मारली तर ओ देत नसत, आणि नव्या शिपायाला वाटे, बाईंना ऐकू कमी येतं.

हा हात त्यांना वडिलांकडून आला होता. तोताराम बाजारात बसून भांड्यांवर नावं घालत. लग्नसराईत त्यांच्यापुढं स्टीलच्या ताटांची थप्पी लागे. छिन्नी हातोडीनं टिकटिक करत ते ‘चि. सौ. कां.’ पासून आडनावापर्यंत अशी वळणदार ओळ घालत की पाहुणे ताट पालथं करून बघत. घातलेलं नाव पुसता येत नाही, म्हणून ते गिऱ्हाईकाला तीनतीनदा विचारून घेत. मंदाबाईंनी तोच स्वभाव उचलला. घर असोद्याला, नवरा मगन केळीच्या वखारीत मुकादम, रोज बसनं जाणंयेणं. घरच्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा त्यांनी स्टेन्सिलच्या अक्षरात नावं लिहून ठेवली होती. मगन म्हणे, आमच्या घरात हळदसुद्धा सरकारी आहे.

कार्यालयात त्यांना घडवलं ते मुख्य आरेखक अभिमन नानांनी. नाना म्हणजे सडपातळ, कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं अगदी पुस्तकी. मूळचे धुळ्याकडचे, पण कार्यालयात त्यांच्या तोंडून खानदेशी शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. मंदाबाई एकवीस वर्षांच्या असताना नोकरीला लागल्या, तेव्हा पहिली काही वर्षं नानांनी त्यांना शाईला हातच लावू दिला नाही. सर्वेक्षणाची माणसं गावोगाव फिरून वह्या भरून आणत. कुठल्या नाल्यापासून कुठली वस्ती किती मीटरवर, कुठल्या दिशेला, असे आकडेच आकडे. मंदाबाईंनी त्या वह्या मोठ्यानं वाचायच्या आणि नानांनी पेन्सिलीनं मांडायचं, मग नानांनीच त्यावर शाई फिरवायची. असा निम्मा जिल्हा मंदाबाईंच्या आवाजात कागदावर उतरला.

शाई मिळाली तेव्हा नानांनी नियम शिकवले. त्यातला एक असा: ठिपका रेघेखाली जाऊ द्यायचा नाही. गाव म्हणजे नकाशावर एक बारीक गोल ठिपका आणि शेजारी त्याचं नाव. एखादी हद्दीची जाड रेघ नेमकी त्याच्यावरून जाणार असेल तर ठिपका तिच्याखाली चिरडतो आणि नाव वाचता येत नाही. मग तो ठिपका बाजूच्या मोकळ्या जागेत जरासा सरकवायचा. एखाददुसरा मिलिमीटर, फार तर तीन. नकाशा वाचणाऱ्याला कळतं की गाव इथंच कुठंतरी आहे, कुणाचं काही बिघडत नाही. गर्दीच्या बसमध्ये आपण नाही का थोडं सरकून घेत, तसं.

मंदाबाईंनी हा नियम असा मनावर घेतला की त्यांच्या नकाशांचं नाशिकपर्यंत नाव झालं. तिथले वरिष्ठ म्हणत, जळगावचं शीट आलं की आधी ते बघू, डोळ्यांना बरं वाटतं. मंदाबाईंना याचा अभिमान होता, आणि त्या तो लपवतही नसत.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर कार्यालयात संगणक आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, दाराबाहेर चपला काढायच्या, आणि संपूर्ण कार्यालयातलं एकमेव वातानुकूलन यंत्र त्याच खोलीत. संगणकावर काम करायला नागपूरला प्रशिक्षण घेतलेला मोतीलाल पावरा आला. शिरपूरकडचा, सत्तावीस वर्षांचा, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. नाना त्या खोलीकडं ढुंकूनही बघत नसत. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि एकेकाळी सात जणांचा असलेला ट्रेसिंग विभाग आता दोघांवर आला होता, नाना आणि मंदाबाई.

मोतीलालचं पहिलं काम म्हणजे मंदाबाईंची शीटं संगणकात घालणं. त्यासाठी एक मोठा पाट आला होता, डिजिटायझर म्हणायचे त्याला. त्याच्यावर शीट चिकटवायचं आणि काचेची खिडकी असलेलं एक हातात मावणारं यंत्र रेघेवरून फिरवायचं. खिडकीत केसासारखी बारीक फुली असते. फुली ठिपक्यावर आणून कळ दाबली की ठिपका आत. मंदाबाई पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून हे सगळं नाक मुरडत बघत होत्या. मोतीलाल मान वर न करता म्हणाला, “अक्का, तुमच्या रेघेवर हात आपोआप चालतो. बाकीच्यांच्या शीटवर मला सारखं थांबावं लागतं.” दुसऱ्या दिवशी मंदाबाई त्याच्यासाठी असोद्याच्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन आल्या. नानांनी तो डबा पाहून ठेवला.

फेब्रुवारीत एक योजना आली. भडगाव तालुक्यात गिरणेला मिळणाऱ्या एका नाल्याचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथलं जिथलं पाणी वाहत त्या नाल्याला मिळतं तेवढा सगळा मुलूख, अभ्यासाला घ्यायचं होतं. त्यात जी गावं येतील तिथं नालाबांध होणार, पाणी अडवलं जाणार. यादी हवी होती चार दिवसांत. हाताचं काम असतं तर तीन आठवडे लागले असते. मोतीलालनं पाणलोटाची हद्द घेतली, ती जिल्ह्याच्या नकाशावर ठेवली आणि कात्री मारली. लाटलेल्या मोठ्या पोळीवर वाटी दाबून पुरी कापावी तसाच प्रकार. वाटीच्या आत राहील ती पुरी, बाहेरचा कणकेचा घेर उचलून बाजूला. नद्या, रस्ते, विहिरी, गावं, सगळं हद्दीवर कातरून निघालं. मग करकर करत छापून यादी आली, सदतीस गावं. ती भडगावला गेली, तिथून ग्रामपंचायतींना.

महिन्याभरानं, होळी होऊन गेल्यावर, नाना एक पिवळी पडलेली फाईल काखेत धरून मंदाबाईंच्या टेबलाशी आले. बारा वर्षांपूर्वी त्याच नाल्याची गावं त्यांनी सर्वेक्षणाच्या वह्यांवरून स्वतः हातानं मोजली होती. ती अडतीस होती. नाना इतके खुशीत होते की खुर्ची ओढून बसले. संगणकानं एक गाव गिळलं, म्हणाले. एवढं लाखाचं यंत्र आणि त्याला अडतीसपर्यंत मोजता येत नाही. ते नाशिकला पत्र लिहिणार होते, यंत्राच्या कामात हाताची तपासणी अटळ आहे, म्हणून ट्रेसिंग विभाग चालू राहावा. मूळ शीट मंदाबाईंचं, तेव्हा नानांच्या सहीखाली मंदाबाईंची सही.

“कुठलं गाव राहिलं?” मंदाबाईंनी विचारलं.

“कवठखेडी.”

मंदाबाईंच्या हातातलं पेन टेबलावर टेकलं आणि खाली शाईचा एक टिपूस पडला. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. नानांचं तिकडं लक्ष गेलं नाही.

कवठखेडी म्हणजे बेचाळीस उंबऱ्यांची वस्ती. जुन्या सर्व्हेच्या नकाशात ती नव्हतीच, लोक नंतर येऊन राहिले होते. सर्वेक्षणाच्या वहीवरून तिची जागा मांडली होती. मंदाबाईंना ते शीट आजही डोळ्यांपुढं दिसत होतं. वस्ती टेकडीच्या उतारावर, आणि टेकडीच्या माथ्यावरून पाणलोटाच्या हद्दीची जाड तुटक रेघ जात होती. ठिपका रेघेच्या आत होता, पण इतका लगत की शाईत चिरडलाच असता. आतल्या बाजूला नाल्याचं नाव, विहिरीचं चिन्ह, पायवाट, अशी गर्दी. बाहेर पश्चिमेला मोकळं. त्यांनी ठिपका पश्चिमेला अडीच मिलिमीटर सरकवला होता. कवठखेडी असं सुबक अक्षरात लिहिलं होतं. आणि ते शीट नाशिकला नावाजलं गेलं होतं.

त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. गाव सव्वाशे मीटर पलीकडं गेलं होतं, टेकडी ओलांडून. माणसानं मोजलं तेव्हा त्याला वहीवरून कळलं होतं की गाव आतलंच आहे. यंत्रानं बिचाऱ्यानं दिलेल्या ठिकाणी कापलं.

मंदाबाई नानांना म्हणाल्या, सही दोन दिवसांनी करते. एवढं बोलून त्या जेवणाचा डबा न उघडताच बसून राहिल्या. त्यांना भीती वाटत होती. आपल्या हाताचं नाव जाईल याची भीती सगळ्यात मोठी होती, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. त्यानंतर नानांचं. नानांनी आयुष्यभर शिकवलेला नियमच चुकीचा ठरणार होता, तोही निवृत्तीच्या तोंडावर. उरलासुरला विभागही बंद झाला असता. उलट सही करून टाकली तर कुणाच्या बापाला पत्ता लागणार नव्हता, कारण सर्वेक्षणाच्या वह्या गोदामाच्या गळक्या छपराखाली चार वर्षांपूर्वीच वाळवीनं खाल्ल्या होत्या.

पण पलीकडच्या खोलीत मोतीलाल होता. त्याच्या कानावर गेलं तेव्हापासून तो यंत्रापुढून उठलाच नाही. दहा वेळा कात्री मारून बघितली, दहाही वेळा सदतीस. आपलीच कळ कुठंतरी चुकली अशी त्यानं समजूत करून घेतली होती. साहेब म्हणाले होते, एवढ्याशा कामात गाव सुटत असेल तर यंत्र परत पाठवू आणि तुम्हाला भांडारात बसवू. मंदाबाईंनी पाठवलेलं भरीत दोन दिवस तसंच परत आलं.

घरी त्यांनी मगनला सगळं सांगितलं. मगन केळीच्या घडांशिवाय फारशा कशाचा विचार न करणारा माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्या गावाला माहीत आहे का? दोन दिवस मंदाबाईंनी हाताचा विचार केला होता, नानांचा केला होता, मोतीलालचाही केला होता. कवठखेडीचा केला नव्हता. त्यांच्या दृष्टीनं तो अजून ठिपकाच होता, आणि याची त्यांना लाज वाटली.

मोतीलाल जागेवर जाऊन पाहणी करणार होता. मंदाबाई सकाळीच जीपपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ट्रेसर कधी दौऱ्यावर जात नाही, तसा नियमच नाही. मोतीलालनं आश्चर्यानं बघितलं आणि पुढची जागा त्यांना दिली.

पाचोरा मागं पडल्यावर मंदाबाई बोलू लागल्या. आता डावीकडं नाला येईल, त्याला दोन फाटे आहेत. नाला आला, फाटे दोनच होते. आता रस्ता उजवीकडं वळेल, वळणावर विहीर. ड्रायव्हरनं विचारलं, बाई, माहेर आहे का इकडं? मंदाबाई म्हणाल्या, मी इकडं पहिल्यांदाच येते आहे. गिरणेच्या पुलावर त्यांनी जीप थांबवायला लावली. ही नदी त्यांनी शेकडो वेळा दुहेरी रेघेनं काढली होती. मार्च महिना, पात्रात वाळूच वाळू, मधूनच पाण्याची एक धार आणि तिच्यात म्हशी. मंदाबाई कठड्याला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. एवढी रुंद आहे, असं दोनदा म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता आणि थोडं रडूही येत होतं.

कवठखेडीला टेकडीच्या उतारावर मातीची घरं, मधोमध कडुलिंब, त्याखाली पार. जीप बघून माणसं जमली, पण कुणी रामराम केला नाही. पाणी आणलं ते झुंबरबाई नावाच्या एका म्हातारीनं, तेही तिला राहवलं नाही म्हणून. तिच्याच ओट्यावर दोघं बसले. तिच्या बोलण्यातून सगळं कळलं. यादीत आपलं नाव नाही हे कळल्यावर गावानं असं ठरवलं होतं की खालच्या गावच्या पुढाऱ्यांनी आपलं नाव कापलं. खालच्या गावाचं नाव यादीत होतं ना. तेव्हापासून बोलणं बंद. दळणाला खालच्या गावच्या चक्कीवर जाणं बंद, बाया डोक्यावर पायली घेऊन चार मैल दुसरीकडं चालल्या होत्या. झुंबरबाईची लेक खालच्या गावी दिलेली होती. यंदा होळीला लेक आली नाही, की झुंबरबाई गेली नाही.

मोतीलालनं टेकडीकडं बोट दाखवून विचारलं, पावसाचं पाणी कुठं जातं?

“आठे पडस ते आठेच खाले नालाम्हा जास,” झुंबरबाई म्हणाली. “टेकडी वलांडीसन पानी कधी गये नही, भाऊ.”

मोतीलाल माथ्यापर्यंत चढून गेला, होकायंत्रानं दिशा घेतली, पावलं मोजत खाली आला. माथ्यापासून पहिलं घर साठ पावलं आत होतं. तो गोंधळून गेला. गाव आत आहे, हद्द बरोबर आहे, मग यंत्र बाहेर का टाकतं, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. त्याचा उतरलेला चेहरा मंदाबाईंना बघवेना.

“मोतीलाल, तुझं यंत्र चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. “गाव मी हलवलं.”

मग त्यांनी झुंबरबाईकडं वळून तिला समजेल असं सगळं सांगितलं. नकाशा म्हणजे काय, रेघ कुठून जात होती, ठिपका चिरडू नये म्हणून आपण तो कसा पलीकडं ठेवला. खालच्या गावानं काही केलेलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कितीसा सरकवला ते अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. मध्ये ज्वारीचा दाणा मावला नसता एवढी फट होती.

झुंबरबाईनं वाकून ती फट नीट बघितली. “काबर हालाडं मंग?”

“नकाशा साफ दिसाले पाह्यजे म्हनीसन,” मंदाबाई म्हणाल्या. त्यांनाही ते उत्तर ऐकायला फार लहान वाटलं.

म्हातारी रागावली नाही. मंदाबाईंना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “परत ठी दे मंग.” घरात जाऊन तिनं गुळाचा खडा आणला, दोघांच्या हातावर ठेवला. आणि मग सहज, पोरीबाळींची चौकशी करावी तशा आवाजात तिनं विचारलं, “आमनासारखा आखो कितला गावे हालाडात तू, माय?”

अशी आणखी किती गावं हलवली, हे मंदाबाईंनी कधी मोजलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर नाले आले आणि गेले.

सोमवारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. नाना पत्राची टंकलिखित प्रत घेऊन आधीच तिथं बसले होते. मंदाबाईंनी उभ्यानंच सांगितलं, यंत्रानं बरोबर कापलं, ठिपका माझ्या हातानं हललेला आहे, आणि तसं लेखी आणलेलं टेबलावर ठेवलं. त्यात नानांच्या नियमाचा एका अक्षरानंही उल्लेख नव्हता. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. सरकारी पद्धतीप्रमाणे मंदाबाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली, तिच्यावर त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात पोच दिली. मोतीलालनं कवठखेडीचा ठिपका जागेवर आणून पुन्हा कात्री मारली. अडतीस. सुधारलेली यादी त्याच दिवशी भडगावला गेली.

नानांनी पत्राची घडी केली आणि खिशात घातली. त्या दिवसापासून त्यांनी मंदाबाईंशी बोलणं टाकलं. पेनाला हात लावला म्हणून मंदाबाई दोन दिवस बोलत नसत. नाना तीन आठवडे बोलले नाहीत. एकाच खोलीत, दोन टेबलांवर, मधे एक पंखा, तोही बंद. मंदाबाईंना ते फार लागलं. नानांकडून त्या रेघ शिकल्या होत्या, श्वास रोखायला शिकल्या होत्या, आणि आता चहाचा कप पुढं ठेवला तरी नाना मान वळवत. पण झुंबरबाईच्या प्रश्नानं त्यांची झोप उडवली होती आणि त्या प्रश्नापुढं नानांचा अबोलाही त्यांनी सोसला.

त्यांनी कपाटातून आपली सगळी शीटं काढली. त्रेसष्ट निघाली. एकेक पसरून बघू लागल्या. इतर कुणाला त्यात काही दिसलं नसतं, सगळं कसं जिथल्या तिथं. मंदाबाईंना मात्र प्रत्येक हलवलेला ठिपका ओळखू येत होता, कारण प्रत्येक वेळी त्या क्षणभर थांबल्या होत्या, कुठल्या बाजूला सरकवावा म्हणून. आठ दिवसांत त्यांनी यादी केली. गावाचं नाव, किती मिलिमीटर, कुठल्या दिशेला. एकशे चौदा वस्त्या झाल्या. मोतीलालनं त्यातल्या सात जागेवर जाऊन तपासल्या, साती बरोबर. मग तो म्हणाला, अक्का, सगळंच दुरुस्त करू. ही दुसरी नोटीस आपण होऊन ओढवून घेणं आहे असं साहेबांनी सुचवून पाहिलं. मंदाबाई म्हणाल्या, एकीचं उत्तर लिहिलंय, दुसरीचंही लिहीन.

एप्रिलमध्ये दोघं काम करायला बसले. मंदाबाई वाचत, मोतीलाल काचेची फुली ठिपक्यावर आणून हलवत असे. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. नाना उभे होते. त्यांनी चपला काढल्या, त्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं आणि थंडीनं क्षणभर अंग चोरलं. काखेत त्यांच्या स्वतःच्या शीटांची भली मोठी गुंडाळी होती. ती त्यांनी पाटावर ठेवली आणि हात तिथंच राहू दिला.

“मंदा, मन्हा बी लिखी ले,” नाना म्हणाले. तीस वर्षांत त्या कार्यालयात त्यांच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकला नव्हता. “दोनशे तरी व्हतीन. मी ते तुन्हापेक्षा जास्त साफसूफ करेल शे.”

मंदाबाईंनी खुर्ची पुढं केली. नाना बसले नाहीत. गुंडाळीवरून हात फिरवत राहिले. आठ दिवस रोज रात्री घरी बसून आठवून बघतोय, त्यांनी सांगितलं. पाच गावं आठवली, पुढं काही सुचत नाही. बायकोला वाटतं मी काही हिशेब करतोय. मग ते म्हणाले, “माले आते बठ्ठं याद येत नही, मंदा. ज्या गावले मी हालाडं, त्यानं नावबी याद नही.”

मोतीलाल खिडकीतून बाहेर बघू लागला. मंदाबाईंचे डोळे भरले, पण त्यांनी पदर लावला नाही, समोर शीटं होती म्हणून मान तेवढी मागं घेतली.

“नाना, तुम्ही मांडायचात तेव्हा वही कोण वाचायचं?”

“तू.”

“मग मला आठवतात,” मंदाबाई म्हणाल्या. “तुमचे मी सांगते.”

त्यांनी गुंडाळीचा दोरा सोडला, वरचं शीट पाटावर पसरलं, कोपरे दाबले. शाई जुनी होऊन तपकिरी पडली होती, पण रेघ नानांचीच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची. मंदाबाईंनी मनगटाखाली रुमाल ठेवला आणि पहिल्या ठिपक्यावर बोट न टेकवता बोट धरलं. वस्तीचं नाव सांगितलं, उत्तरेला दोन मिलिमीटर. मोतीलालनं फुली आणली, ठिपका दक्षिणेला नेऊन ठेवला. नाना आता खुर्चीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मंदाबाई पुढचं नाव घेत, आणि नाना ते ऐकून, आठवल्यासारखं करून, हो म्हणत.

मोतीलालला कळत होतं की निम्म्या वेळा त्यांना आठवत नाहीये. पण तोही प्रत्येक वेळी नानांच्या होकारासाठी थांबत होता, आणि मगच कळ दाबत होता.